परदेशी सहकाऱ्यांशी सूर जुळत नाहीये? या चुका टाळा

टीममध्ये नव्याने आलेल्या एकाचं आडनाव जपानी होतं. पहिल्या व्हिडिओ कॉलच्या आदल्या रात्री मी अभ्यास करून बसलो. नावाला आदराचं 'सान' जोडायचं, मान जराशी झुकवायची, घरचं काही लगेच विचारायचं नाही. कॉलवर सगळं तंतोतंत पाळलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "मी साओ पाउलोचा. जपानला दोनदाच गेलोय, तेही फिरायला." जपानी स्थलांतरितांचं पहिलं जहाज १९०८ साली ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागलं आणि जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वांत जास्त लोक आज ब्राझीलमध्येच आहेत, हे मी कॉल संपल्यावर वाचलं. माझी तयारी सगळी त्याच्या आडनावाची होती.

ही चूक पहिल्या नंबरची, आणि ती हौशी, चांगल्या मनाच्या लोकांकडून जास्त होते. 'अमुक देशाचे लोक असे असतात' छापाच्या तक्त्यांचं मूळ बऱ्याचदा खेर्त हॉफस्टेड या डच अभ्यासकाच्या कामात सापडतं. त्याने १९६७ ते १९७३ या काळातल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या तपासल्या. त्यातून निघाल्या त्या देशांच्या सरासऱ्या. समोरच्या एका माणसाला त्या लावू नयेत, असं खुद्द त्यानेच बजावलं होतं. तक्ता वाचायला हरकत नाही, फक्त त्यावरून अंदाज बांधा आणि पहिल्या भेटीत तो मोडायची तयारी ठेवा.

नावाची वाट लावणे

"तुझं नाव फार अवघड आहे बाबा, छोटं काही आहे का?" हे गमतीने म्हटलं तरी टोचतं. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी उच्चार विचारा आणि ऐकू येईल तसा देवनागरीत लिहून ठेवा. रोमन लिपीवरून अंदाज करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि ही सोय आपल्याकडे जन्मापासून आहे! कोणता भाग आडनाव, हेही गृहीत धरू नका. चिनी आणि हंगेरियन नावांत घराण्याचं नाव आधी येतं. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, वडिलांच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' किंवा 'दोत्तिर' जोडतात. म्यानमारमध्येही आडनावाची पद्धत सहसा नाही. शंका आलीच तर त्या व्यक्तीने ईमेलखाली स्वतःची सही कशी केलीय ते पाहा आणि तेच वापरा.

शांतता भरून काढणे

२००९ साली दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ सर्वसाधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा निघाला. त्यातही डॅनिश बोलणारे सर्वांत सावकाश, जवळपास अर्धा सेकंद घेणारे. आणि सर्वांत झटपट कोण, तर जपानी. (माझ्या त्या रात्रीच्या अभ्यासात नेमकं उलटं लिहिलेलं होतं.) अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्यात व्हिडिओ कॉलचा उशीर आणि परक्या भाषेत वाक्य जुळवायचा वेळ मिळवा. तेवढ्यात आपण "म्हणजे मला असं म्हणायचंय की..." करत पुन्हा सुरू झालेलो असतो. समोरच्याचं उत्तर घशातच राहतं. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं.

'हो' ऐकून निश्चिंत होऊ नका, हे याच्याच जोडीचं. जपानी संभाषणातला 'हाय' अनेकदा 'ऐकतोय' एवढंच सांगतो. 'कळलं ना?' असं विचारलं की जगात कुठेही 'हो'च मिळतं. 'तू सुरुवात कुठून करशील?' असं विचारा.

चौकशीलाच गप्पा समजणे

लग्न झालंय का, मुलं किती, घर स्वतःचं का? आपण आपुलकीने विचारतो. समोरच्याला अर्ज भरून घेताहेत असं वाटतं. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्या बसवून ३६ प्रश्नांचा प्रयोग केला. प्रश्न हलके सुरू होऊन हळूहळू खोल जात होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं होतं. आपण नेमका हा दुसरा भाग विसरतो.

पोलंडमधल्या एका सहकारी बाईंना मी दर सोमवारी 'वीकेंड कसा गेला?' विचारायचो. दर सोमवारी उत्तर यायचं, 'छान.' एकदा सहज सांगून गेलो, की शनिवार वडिलांच्या कानाच्या मशीनपायी गेला आणि आता पंख्याचा आवाज फार होतो म्हणून ते वैतागलेत. त्या मोठ्याने हसल्या. त्यांच्या आई ते मशीन मोज्यांच्या कप्प्यात लपवतात म्हणे. त्यानंतर सोमवारचा कॉल कधी वेळेवर संपला नाही.

किरकोळ वाटणाऱ्या, पण लक्षात राहणाऱ्या

जर्मनमध्ये 'झी' आणि 'डू' हा आपल्या अहो-अरेचाच प्रकार. 'डू' वर यायचं आमंत्रण सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस देतो, तोवर थांबा. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देणं अपशकुनी मानतात, तेव्हा 'उद्या मी रजेवर आहे' म्हणून घाई नको, नंतर दिल्या तरी चालतील. मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करते आणि युरोप शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे मीटिंगांचा गोंधळ ठरलेला. आणि रात्री अकराची मीटिंग दर वेळी एकाच्याच वाट्याला येत असेल, तर मैत्रीच्या गप्पा त्याला सांगू नका. वेळ आळीपाळीने बदला.

बिनसलंच तर

आधी मोकळा बोलणारा माणूस कामापुरतं बोलू लागला, तर मागच्या पंधरा दिवसांतले स्वतःचे मेसेज चाळा. माझ्या अनुभवात दोनच ठिकाणी गडबड सापडते: सगळ्यांसमोर काढलेली चूक किंवा भाषांतरात मेलेला विनोद. सापडली तर खाजगीत लिहा. कोणती गोष्ट ते नाव घेऊन, दोन-तीन ओळीत, 'माझा हेतू तसा नव्हता' हे पुराण न लावता. काहीच सापडलं नाही, तर कदाचित त्याच्या घरी कोणी आजारी असेल. तुमच्याशी संबंध असेलच असं नाही. काहींना कामाच्या ठिकाणी मैत्री नकोच असते. त्यांच्याशी काम चोख करा आणि गप्पांचा आग्रह सोडा.

साओ पाउलोच्या त्या गड्याला मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'काल मी तुझ्या आडनावाशी बोललो, आता तुझ्याशी बोलायचंय.' उत्तरात त्याने माझ्या नावाला 'सान' लावलं. चार वर्षं झाली, अजून लावतो.