गाळा घेण्याआधी हजेरीचं गणित मांडा

नवी मुंबईच्या महापे, रबाळे किंवा तळोज्यात कारखान्यासाठी गाळा बघायला गेलेला माणूस भाडं विचारतो, विजेचा लोड विचारतो, कंटेनर वळेल का ते बघतो. माणसांचं काय, मुंबईच्या इतक्या जवळ ती मिळणारच! मिळतात. पण मे महिन्यात, सकाळी 7 च्या पाळीला किती उभी राहतील?

समजा, लाइनवर रोज 60 जण लागतात आणि गैरहजेरी 10 टक्के आहे. 60 ला 0.9 ने भागा: पटावर 67 हवेत. त्यातले महिन्याला 8 टक्के सोडून गेले, तर दरमहा 5-6 नवे घ्यावे लागतील. त्यांना शिकायला 15 दिवस लागले, तर तेवढे दिवस पगार चालू आणि माल अर्धवट. माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हा खर्च नसतो.

आता पाय मोकळे करा. पाळी भरताना आणि सुटताना रबाळे, घणसोली, तुर्भे स्टेशनबाहेर अर्धा-अर्धा तास थांबा. शेअर रिक्षा कुठपर्यंत जाते? रात्री 11 ला सुटणाऱ्याला काय मिळतं? काहीच नसेल, तर बस तुम्हालाच लावावी लागेल. शेजारच्या गेटवरची 'हेल्पर पाहिजेत' ही पाटी महिन्याने पुन्हा बघा. तीच असेल तर तिथं माणूस टिकत नाही. का ते चहाच्या टपरीवर कळतं. दिघ्यात खोलीचं भाडं आणि खानावळीचा दरही विचारा. हे वजा जाऊन गावी किती पाठवता येतं, यावर परप्रांतीय कामगार थांबायचं की नाही ते ठरवतो.

सगळी लाइन एकाच मुकादमाकडून भरू नका. एकाच तालुक्यातली माणसं एकाच लग्नाला जातात. होळी आणि छठला उत्तरेकडचे, गणपतीत कोकणातले गावी जाणार, हे धरूनच डिलिव्हरीच्या तारखा द्या.

माणसं आणि काम एका जागी आणायचं हे दुखणं जगभरचं आहे; कधी माणसं कामाकडे जातात, कधी कारखानाच माणसांकडे. मेक्सिकन शेतमजुरांना बोलावणारी ब्रासेरो योजना अमेरिकेने 1964 मध्ये संपवली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोने सरहद्दीवर जुळणीच्या कारखान्यांची योजना आणली. चीनमध्ये आधी गावं रिकामी करून माणसं शेन्झेनला गेली. मग 2010 मध्ये मोबाइल जुळवणाऱ्या फॉक्सकॉनने झेंगझोऊत, म्हणजे जिथून मजूर बाहेर पडत त्या हेनान प्रांतातच, मोठा कारखाना सुरू केला. शिलाई, पॅकिंग असं हातावरचं काम असेल, तर तुम्हीही गाळा घेण्याआधी मजुरांच्या गावाजवळची जागा बघून या. टूलरूम (साचे-हत्यारं बनवणं) किंवा सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) असेल, तर ठाणे-नवी मुंबई सोडू नका; अनुभवी फिटर आणि यंत्र लावून देणारा सेटर इथं भेटतो.

ठेकेदार ठरवताना मागच्या 3 महिन्यांची पीएफ आणि ईएसआयसीची (कामगार विम्याची) चलनं मागा आणि त्यातली नावं गेटच्या हजेरीशी ताडून बघा. चलनात 40 आणि गेटवर 60 असतील, तर उरलेल्या 20 जणांची थकबाकी उद्या मूळ मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडूनच वसूल होऊ शकते.