कामाचे व्यसन कसे ओळखावे आणि कसे मोजावे

विदर्भातील गावात एखाद्याला कामाचे व्यसन आहे का, हे पाहताना कामाच्या तासांपासून सुरुवात करू नये. कापूस फुटला की पहाटेच वेचणीला निघणे, वीज येईल त्या रात्री हरभऱ्याला पाणी देणे किंवा रानडुकरांपायी मचाणावर जागल करणे ही हंगामाची सक्ती आहे. कर्जाच्या हप्त्यासाठी दुप्पट राबणाऱ्याला व्यसनी म्हणणे तर अन्यायाचेच ठरेल. व्यसनातली सक्ती आतून येते. गरज भागली तरी हात थांबत नाहीत, आणि कोणी थांबवले तर जीव कासावीस होतो.

मोजण्यासाठी नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातील सेसिली आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांची २०१२ मधील सात प्रश्नांची मापनपट्टी उपयोगी आहे. मागील वर्षभराचा विचार करून स्वतःला विचारावे: (१) कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल, हेच डोक्यात असते का, (२) ठरवल्यापेक्षा खूप जास्त वेळ काम होते का, (३) अपराधीपणा, चिंता, हतबलता किंवा उदासी दाबण्यासाठी मी काम करतो का, (४) काम कमी करा असे इतरांनी सांगूनही ऐकले नाही का, (५) काम करू दिले नाही तर ताण येतो का, (६) छंद, विरंगुळा, व्यायाम मागे पडले का, आणि (७) कामामुळे प्रकृती बिघडली का. प्रत्येक उत्तराला ‘कधीच नाही’साठी १ पासून ‘नेहमी’साठी ५ पर्यंत गुण द्यावेत. किमान चार प्रश्नांना ४ किंवा ५ गुण पडले, तर व्यसनाची शक्यता गांभीर्याने घ्यावी. हे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही कामाचे व्यसन स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेले नाही.

माझ्या मते आपल्याकडे पाचवा प्रश्न सर्वांत बोलका आहे आणि तो पोळ्याच्या दिवशी तपासता येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून त्यांना जेवणाचे आवतण दिलेले असते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, घरात पुरणपोळी शिजत असते. आणि घरधनी मात्र एकटाच धुऱ्यावर जाऊन तण उपटत बसतो, मुलगा बोलवायला आला तर त्याच्यावर खेकसतो. तण एक दिवस थांबले असते.

प्रश्न वेचणीच्या ऐन भरात सोडवू नयेत; होळीनंतर, कामे ओसरल्यावर सोडवावेत. दुसऱ्या कागदावर पत्नीने किंवा भावाने त्याच माणसाविषयी वेगळे गुण द्यावेत. चौथ्या आणि सातव्या प्रश्नांत दोन्ही कागदांवर मोठा फरक पडला, तर घरच्यांचा कागद अधिक विश्वासाचा मानावा, कारण न ऐकल्याची आठवण ऐकवणाऱ्याला जास्त राहते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेतील सोळा हजारांहून अधिक नोकरदारांच्या अभ्यासात कामाच्या व्यसनासोबत नैराश्य आणि चिंतेची लक्षणेही अधिक आढळली होती. म्हणून गुण जास्त आले तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. जाताना दोन्ही कागद सोबत न्यावेत आणि झोप किती लागते, कर्ज किती आहे, जगणे नकोसे वाटते का, हेही न संकोचता सांगावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र कागद भरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा.