शेळीचा आजार आधी दुधात दिसतो

ठाण्याहून कसारा लोकलने आसनगावला उतरून शहापूर तालुक्यातील एका गोठ्यावर मी दुधाच्या शेळ्यांचे काम शिकलो. गोठ्यात १२ सुरती शेळ्या होत्या. पहिल्याच दिवशी मालकांनी ताणकाटा आणि वही हाती दिली आणि प्रत्येक शेळीचे दोन्ही वेळचे दूध वजन करून लिहायला सांगितले. मला ते कारकुनी काम वाटले.

श्रावणात एका शेळीच्या जबड्याखाली मऊ सूज आली. मी गळू समजलो. डॉक्टरांनी मात्र आधी तिची खालची पापणी उलटून पाहिली, तर ती कागदासारखी पांढरी पडली होती. पोटातील रक्त पिणाऱ्या जंतांमुळे रक्तातील प्रथिने घटली की जबड्याखाली असे पाणी उतरते. संध्याकाळी वही उघडली, तेव्हा दिवसाला १४०० ग्रॅमवरून १२५०, ११००, ९०० असे उतरत गेलेले दहा दिवसांचे आकडे माझ्याच अक्षरात होते. मी ते लिहिले होते, वाचले नव्हते.

या जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढून बसतात, म्हणून पावसाळ्यात दव ओसरल्याशिवाय शेळ्या बाहेर सोडू नयेत आणि शेवरी-उंबराच्या पाल्याच्या पेंढ्या उंचावर टांगाव्यात. शेळीलाही मान वर करून ओरबाडणेच आवडते. सगळ्या कळपाला सरसकट तेच औषध वारंवार पाजले, तर जंत त्याला दाद देईनासे होतात. पापणी फिकी असेल तिलाच, वजन करून औषध द्यावे आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तिचे दूध विकू नये, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.

कासदाहाचेही, म्हणजे कासेला सूज येणाऱ्या आजाराचेही, तसेच आहे. धार काढताना पहिल्या दोन पिळ्या काळ्या फडक्यावर घ्याव्यात. गुठळ्या दिसल्या तर ती शेळी सर्वांत शेवटी पिळावी. शेळीला सड दोनच असल्याने एक गेला की निम्मी कास गेली.

गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. त्यातले शेवटचे दोन महिने तिला आटवावे, म्हणजे धार काढणे बंद ठेवावे, नाहीतर पुढच्या वेताचे दूध घटते. करडाला तासाभरात चीक पाजावा. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या आजाराची, लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

आता गोठ्यावर नवा मुलगा आला की धारेला बसण्याआधी मी त्याला मागच्या तीन दिवसांचे आकडे मोठ्याने वाचायला लावतो. त्यालाही ते कारकुनीच वाटते.