उत्तरेच्या पाखरांचं वेळापत्रक: नांदूरमध्यमेश्वरला कधी जावं, काय बघावं

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी दहाला पोचायचं, पाण्यात लांबवर दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांकडे बघायचं आणि जेवायला निफाड गाठायचं, अशी नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याची सहल बरेच नाशिककर करतात. त्यात पक्षी फारसे दिसत नाहीत. उत्तरेकडून इथे येणारे स्थलांतरित पक्षी नीट बघायचे तर आपल्या कॅलेंडरला उत्तरेचं कॅलेंडर जोडून वाचावं लागतं. तिकडे बर्फ कधी वितळतो, पिल्लं कधी उडू लागतात, तळी कधी गोठतात, यावर इथे कोणत्या महिन्यात काय दिसेल ते ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. इथे येणारं प्रत्येक पाखरू सायबेरियाचं नसतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलियातल्या उंच तळ्यांवर वीण करतो. भोरड्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात. रोहित (फ्लेमिंगो) तर कच्छमध्येही घरटी करतात. अगदी उत्तर ध्रुववृत्तापलीकडचा, टुंड्रातला पाहुणा बघायचा असेल तर बदकांवरून नजर काढून चिखलाच्या कडेला लावा. तिथे चिमणीएवढा, साधारण 25 ग्रॅमचा छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत पळत असतो.

टुंड्रातला उन्हाळा अगदी आखूड असतो. जूनमध्ये अंडी, जुलैत पिल्लं, आणि प्रौढ पक्षी लगेच परतीला लागतात. त्यामुळे आपल्याकडे श्रावण चालू असतानाच चिखलावरचे पहिले पाहुणे हजर होतात. ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या टिलव्यांची पिसं झिजलेली, तांबूस असतात, हे प्रौढ. सप्टेंबरात येणाऱ्यांची पिसं कोरी करकरीत असतात आणि पाठीवर पांढरा इंग्रजी ‘व्ही’ उठून दिसतो; ही त्याच वर्षीची पिल्लं. डिसेंबरपर्यंत सगळे वरून राखाडी, खालून पांढरे होतात. एप्रिलमध्ये पुन्हा तांबूस रंग चढू लागतो. पाय नक्की बघा: काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळसर असतील तर टेमिंकचा टिलवा. या एका खुणेने निम्मा गोंधळ मिटतो.

बदकं उशिरा येतात. उत्तरेची तळी गोठायला लागली की थापट्या, तलवार बदक खाली सरकतात. दिवाळीनंतर संख्या वाढते आणि डिसेंबर-जानेवारीत भरात असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवशिक्यांची फसगत होते, कारण तेव्हा अनेक नरांची पिसंही मादीसारखी मळकट तपकिरी असतात. अशा वेळी रंग सोडून द्या. चोच आणि वागणूक बघा. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद असते आणि तो ती पाण्याला टेकवून गोल गोल फिरतो. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ असते. शेपूट वर, डोकं पाण्यात अशी उभी बुडी मारून ते तळाचं खातं. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई खात्रीने बघायची तर फेब्रुवारी बरा.

पाण्याची पातळी तारखेइतकीच महत्त्वाची. गोदावरी-कादवा संगमावरच्या या बंधाऱ्यात गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हेच. पण बंधारा मुळात सिंचनाचा आहे. वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन (सिंचनाचं पाणी) सुटलं की पाणी चढतं, चिखल बुडतो आणि टिलवे, तुतवार आजूबाजूच्या ओल्या शेतांत पांगतात. काल भरलेला काठ आज रिकामा दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. निघण्याआधी चापडगावच्या स्थानिक गाईडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा. प्रवेशाच्या वेळाही तेव्हाच विचारून घ्या.

शहरापासून अंतर सुमारे 40 किलोमीटर. थंडीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून साडेपाचला निघा. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. कानटोपी आणि हातमोजे लागतातच. कपडे मातकट रंगाचे घाला, पांढरे नकोत. ऊन पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि टेलिस्कोप कितीही महागाचा असला तरी चित्र विरघळतं.

दुर्बीण 8x42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10x जास्त जवळचं दाखवते, पण हाताचा कंपही तितकाच मोठा करते. पहिल्यांदा वापरताना उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने लांबची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावी झाकून उजव्या भिंगाजवळची रिंग फिरवा. हे न केल्यामुळेच अनेकांचं अर्ध्या तासात डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली करा. थंडीत श्वासाने भिंगावर वाफ धरली तर शर्टाने पुसू नका; दुर्बीण डोळ्यांपासून थोडी दूर धरा, वाफ आपोआप जाते.

सगळा थवा एकदम उठला तर आधी आकाश बघा. बहुधा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून पाणवनस्पतींवरून कमी उंचीवर जात असतो. तो नसेल तर उठवणारी माणसं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे फार वाईट. परतीच्या हजारो किलोमीटरसाठी ही पाखरं तेव्हा चरबी साठवत असतात आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्या साठ्यातून वजा होतं. म्हणून फोटोसाठी चिखलात उतरू नका, मोबाइलवर आवाज वाजवू नका, ड्रोन घरीच ठेवा.

एप्रिल संपेपर्यंत बहुतेक पाहुणे गेलेले असतात. पावसाळ्यात मात्र लांब शेपटीचा कमळपक्षी तरंगत्या पानांवर वीण करतो. त्याच्यासाठी जुलै-ऑगस्टची एक फेरी ठेवा.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा. थवा मोजताना आधी दहा पक्षी खरोखर मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवा आणि तेवढे तुकडे थव्यावर पुढे सरकवा. अंदाजे 300 हा आकडा नुसत्या ‘एक्स’पेक्षा (म्हणजे ‘दिसला, मोजला नाही’ या खुणेपेक्षा) कितीतरी उपयोगी. शेऱ्यात चिखल उघडा होता की बुडालेला, हे जरूर लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात टिलवे का दिसले नाहीत, याचं उत्तर बहुधा त्या एका ओळीत मिळतं.