निवडलेल्या रेडिओ बटणाचं लेबल रंगवताना या चुका टाळा

वेबपानावरच्या फॉर्ममध्ये पैसे भरण्याचे तीन पर्याय रेडिओ बटणांनी (गटातून एकच निवडता येणारी गोल बटणं) दिले आहेत: यूपीआय, कार्ड आणि रोख. जो निवडला त्याचं लेबल जावास्क्रिप्टने हिरवं करायचं. यूपीआयवर क्लिक केलं, लेबल हिरवं झालं. मग कार्ड निवडलं, आणि आता दोन्ही हिरवी! नवशिक्यांच्या कोडमध्ये मला सगळ्यात जास्त भेटणारी चूक हीच.

रेडिओ बटणांच्या गटात 'चेंज' इव्हेंट (निवड बदलल्याची ब्राउझरची सूचना) फक्त नव्याने निवडलेल्या बटणावर येतो. ज्याची निवड सुटली, त्याला कुणी कळवत नाही. त्यामुळे 'चेक्ड (निवडलेलं) नसेल तर रंग काढ' हा तुमच्या कोडमधला एल्स त्याच्यासाठी कधी चालतच नाही. चेकबॉक्सवर तोच कोड नीट चालतो, म्हणून तो उचलून इथे चिकटवला जातो आणि मग तासन् तास चूक सापडत नाही. बदल झाला की अख्ख्या गटावर लूप फिरवा. प्रत्येक लेबलवर क्लासलिस्टचं टॉगल (classList.toggle, क्लास लावणारं-काढणारं) वापरा आणि त्याला क्लासच्या नावापाठोपाठ त्या बटणाची चेक्ड किंमत द्या.

हा लूप एका फंक्शनमध्ये ठेवा आणि ते पान उघडल्यावरही एकदा चालवा. फायरफॉक्स साध्या रिफ्रेशनंतर जुनी निवड जपतो, पण तुमचा रंग गेलेला असतो. फॉर्म रीसेट केला किंवा स्क्रिप्टमधून चेक्ड बदललं, तर 'चेंज' येत नाही. शिवाय रीसेटचा इव्हेंट प्रत्यक्ष किमती बदलण्याआधी येतो. म्हणून तिथे फंक्शन शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमध्ये (setTimeout) ठेवा, म्हणजे ते किमती बदलल्यावर चालेल.

कन्सोलमध्ये 'अनडिफाइन्ड'ची तक्रार दिसली तर क्वेरीसिलेक्टरऑल (querySelectorAll) तपासा. ते यादी देतं, आणि यादीला स्टाइल नसते. तिच्यातल्या एकेका घटकाला असते. बटण शोधताना चौकटी कंसातलं चेक्डही ([checked]) वापरू नका: ते एचटीएमएलमध्ये लिहिलेली मूळ निवड पाहतं. आत्ताची निवड हवी तर कोलनवालं चेक्ड (:checked).

रंग थेट स्टाइलमधून देणं मला पटत नाही. असा इनलाइन रंग स्टाइलशीटमधल्या होव्हर आणि एररच्या रंगांवर मात करतो, आणि मग लोक जागोजागी 'इम्पॉर्टंट' लिहीत सुटतात. त्याऐवजी क्लास लावा आणि रंग स्टाइलशीटमध्ये द्या.

आणि फक्त रंगच बदलायचा असेल, तर स्क्रिप्ट लिहूच नका. सीएसएसचं 'हॅज' (:has, आत अमुक घटक असलेला घटक निवडणारं) डिसेंबर 2023 मध्ये फायरफॉक्स 121 मध्येही आलं. क्रोम आणि सफारीत ते आधीपासून होतं. 'ज्या लेबलच्या आत चेक्ड बटण आहे ते हिरवं' हा एकच नियम पुरतो, आणि रीसेट, रिफ्रेश तो आपोआप सांभाळतो. मात्र बटण लेबलच्या आत हवं.