आयटीआयचा ट्रेड निवडायच्या आधी पोराला कारखान्यात न्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या मशिनवर, माझी बावीस वर्षं गेली. दहावीचा निकाल लागला की गल्लीतले लोक मार्कलिस्ट घेऊन येतात, "मामा, पोराला कुठं घालायचं?" मी विचारतो, त्यानं कारखाना आतून बघितलाय का?

नववीच्या सुट्टीतच दाखवा. मालकाला विचारून, पायात बूट घालून, सोबत राहून. शिरोलीची फौंड्री एका दिवशी, मशिनशॉप दुसऱ्या दिवशी. एकीकडं वाळू, धग, साच्यात ओतलेलं लाल लोखंड. दुसरीकडं तेच कास्टिंग, म्हणजे ओतलेला तुकडा, मशिनच्या चकमध्ये (जबड्यात) धरून मायक्रोमीटरवर 0.01 मिलिमीटरपर्यंत मोजतात. एक आवडलं म्हणजे दुसरं आवडेलच असं नाही.

मग हातात काम द्या. भाचीला मी एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा, कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या दिला. एक बाजू सपाट कर, दुसरी तिला काटकोनात आण, एवढंच सांगितलं. तासाभरानं तिनं गुण्या लावून तुकडा खिडकीकडं धरला. फटीतून उजेड दिसला, म्हणजे काटकोन अजून जमला नव्हता. मी काही बोललो नाही. तिनं परत व्हाइसमध्ये बांधला, परत घासला, परत उजेडाला धरला. जेवायला हाक मारली तरी उठेना. तिनं फिटरच, म्हणजे भाग घासून-जुळवून बसवायचा ट्रेडच, घ्यावा हे मला तिथंच पटलं.

आयटीआयचा अर्ज ऑनलाइन असतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. कळंब्याची शासकीय आयटीआय आधी बघून या. खासगीत घालणार असाल तर वर्कशॉप उघडायला लावा. एका ठिकाणी मी वीस पोरं एकाच लेथभोवती उभी बघितली, त्याच्या चकला गंज चढलेला. तिथं पोरगं हात कधी चालवणार? ट्रेडला केंद्र सरकारची मान्यता (डीजीटीची, पूर्वी एनसीव्हीटीची म्हणायचे) आहे का तेही बघा, पुढं अप्रेंटिसशिपला ती कामाला येते. शिकायचं दार बंद होत नाही, दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

आणि "गणित जमत नाही म्हणून आयटीआय" असं पोरासमोर कधी बोलू नका. लेथवर टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढताना मोठ्या व्यासातून लहान वजा करायचा, लांबीच्या दुपटीनं भागायचं, येतो तो निम्म्या कोनाचा टॅन. त्या निम्म्या कोनावर कंपाउंड स्लाइड, म्हणजे लेथवरची हत्यार धरणारी सरक, फिरवायची. म्हणून दहावीचं भूमितीचं पुस्तक रद्दीत घालू नका.