अळंबी कशावर उगवली आहे, ते आधी पाहावे

रानात अळंबी दिसली की हात आपोआप तिच्याकडे जातो, तो आवरावा. वर दिसणारी छत्री हे कवकाचे केवळ फळ असते. त्याचा खरा देह, म्हणजे सूक्ष्म तंतूंचे कवकजाल, माती, पाचोळा किंवा लाकडात पसरलेला असतो आणि जंगलातले काम तोच करतो. म्हणून वहीत पहिली नोंद रंगाची न करता, अळंबी कशावर उगवली आहे याची करावी.

ती पडलेल्या ओंडक्यावर असेल, तर शेजारचे कुजके लाकूड नखाने थोडे उकरून पाहावे. लाकूड फिकट, ओलसर आणि दोऱ्यादोऱ्यांनी सुटणारे असल्यास तेथे बहुधा पांढरी कूज चालू असते. ती घडवणारी कवके लाकडाला ताठपणा देणारे लिग्निनसुद्धा फोडतात, आणि हे फार थोड्या जीवांना जमते. याउलट, तपकिरी पडून चौकोनी भेगा गेलेला आणि चिमटीत भुकटी होणारा तुकडा मिळाला, तर कवकाने सेल्युलोज खाऊन लिग्निन बरेचसे मागे ठेवले आहे, असे समजावे.

मातीतून उगवलेल्या अळंबीचा उलगडा करणे अधिक अवघड असते. जवळचा पाचोळा दोन बोटांनी हलकेच उचलावा. पांढरे तंतू पानापानांना शिवल्यासारखे चिकटलेले दिसले, तर ते पाला कुजवणाऱ्या कवकाचे असू शकतात. पण काही कवके जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेली असतात, त्यांची कवकजाले झाडाला पाणी, फॉस्फरस व नायट्रोजन पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. या सहजीवनाला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये 'मायकोरायझा' हे नाव दिले. अशा कवकांपैकी अनेकांची ठरावीक झाडांशीच जोडी जमते, त्यामुळे आसपासची झाडे न नोंदवता काढलेला मातीतल्या अळंबीचा फोटो मला अर्धाच वाटतो. पाहून झाल्यावर पाचोळा होता तसा पसरावा.

जिवंत खोडाच्या बुंध्याशी झुबक्याने आलेली अळंबी मात्र झाडाच्या आजाराची खूण असू शकते. असा आजार आणणाऱ्या आर्मिलारिया या कवकाचे काळे, बुटाच्या नाडीसारखे दोर सालीखाली सापडतात.

ओळख पटवण्यासाठी बीजाणूंचा ठसा घ्यावा. पूर्ण उघडलेली एकच टोपी कापून, तिच्या आतल्या बाजूचे पातळ पडद्यांसारखे पापुद्रे खाली येतील अशा रीतीने, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. कागद दुरंगी असल्यामुळे ठसा पांढरा असो वा गडद, सकाळपर्यंत पापुद्र्यांच्या रेषा उमटलेल्या दिसतात. या ठशावरून अळंबी खाण्याजोगी आहे, असे कधीही ठरवू नये. अमानिता फॅलॉइडिस या प्राणघातक अळंबीचा ठसाही अनेक खाद्य अळंब्यांसारखा पांढराच असतो, तिच्या विषाची लक्षणे साधारण सहा तासांनंतरच दिसू लागतात आणि शिजवल्याने ते विष नष्ट होत नाही.